जुनी डिस्क कपाटात, लिनक्स नव्या डिस्कवर

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तरी संदर्भ लागेल. नाशिकरोडला तुमच्या घरी २०१० साली सुटे भाग जोडून करून घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, बँकेची साइट उघडत नाही, घड्याळातली तारीख रोज मागे जाते. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. तुम्हाला त्यावर मराठीत लिहायचं आहे, नातीला अभ्यासाला द्यायचा आहे, आणि सिन्नर-इगतपुरीकडच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात टाइप करून ठेवल्या आहेत, त्या हातच्या जाऊ द्यायच्या नाहीत. विंडोजच्या जागी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी यंत्रणा, टाकलं तर हे सगळं जमेल का, असं तुम्ही विचारलंत.

जमेल. पण लिनक्स टाकणं ही या कामातली शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक लोक पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात करतात. गेली बावीस वर्षं मी नाशिकमध्ये घरांतले, दुकानांतले आणि शाळांतले संगणक दुरुस्त करते. लिनक्स टाकून निराश झालेली माणसं मला भेटतात तेव्हा दोनांपैकी एक कारण असतं. एक तर जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवलेली असते, नाहीतर घाईत काहीतरी पुसलं गेलेलं असतं.

तुमचा संगणक हळू का झाला ते आधी बघू. प्रोसेसर म्हातारा होऊन हळू होत नाही. ई७५०० चे दोन्ही कोअर आजही २.९३ गिगाहर्ट्झनेच चालतात, आणि पत्र लिहायला, साइट बघायला तेवढी ताकद भरपूर आहे. अडतं ते हार्ड डिस्कपाशी. तिच्या आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं, त्यात ते डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला वेळ लागतो. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली असल्या तर सेकंदाला शंभरेक वाचणं हीच तिची मर्यादा. संगणक सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात. त्यात रॅम २ जीबी. ती भरली की उरलेलं ओझं त्याच हार्ड डिस्कवर उतरवलं जातं, आणि डिस्क दोन्हीकडून ओढली जाते. तुमची दहा मिनिटं इथे जातात. एसएसडी म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे हेच वाचन सेकंदाला हजारोंनी होतं. माझ्या टेबलावर आलेल्या अशा यंत्रांत सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडलाय, दुसऱ्या क्रमांकाचा रॅमने, आणि तिसरा लिनक्सने.

मग लिनक्स हवं कशाला? सुरक्षिततेसाठी. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ सोडलं. त्यामुळे बँकेची साइट कुरकुर करते यात बँकेचं चुकत नाही. अशा यंत्रावरून पैशांचे व्यवहार करूच नयेत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तो रस्ता तुमच्या यंत्राला बंद. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुमच्यापेक्षा कितीतरी नवे संगणकही आता याच रांगेत उभे आहेत.

तारखेचं मात्र लगेच करून टाका. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचं यंत्र २००९ साल दाखवत असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि तो साइट उघडू देत नाही. पन्नास रुपयांच्या आत मिळणाऱ्या सेलपायी चांगली यंत्रं भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

आता एक प्रसंग सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. २०११ मध्ये सातपूरच्या एका घरातला संगणक माझ्याकडे आला. व्हायरसने भरलेला होता. ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे,’ असं घरच्यांनी सांगितलं. मी डी ड्राइव्ह दुसरीकडे उतरवली आणि सी फॉरमॅट केली. त्यांच्या वडिलांची कीर्तनं मोबाइलवर रेकॉर्ड करून डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्याजवळचे सगळे उपाय केले, तीन-चार तुकडे मिळाले, तेही अर्धवट. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि ते मला अजून टोचतं. तेव्हापासून कोणाच्याही जुन्या डिस्कवर मी काही लिहीत नाही. ती काढून घ्यायची, तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची, कपाटात ठेवायची, आणि नवी यंत्रणा नव्या डिस्कवर टाकायची. तुम्हीही तसंच करा. तुमच्या ओव्या त्या जुन्या डिस्कवर आहेत.

पण ती काढण्यापूर्वी, विंडोज अजून चालू आहे तोवर, दोन-तीन संध्याकाळी त्याच्यापाशी बसा. २०१० च्या आसपास टाइप केलेलं मराठी बहुतेक वेळा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, नसतं. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा संचांतले फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतात. त्या जागी चित्र मराठी अक्षराचं असतं, एवढंच. फॉन्ट हजर आहे तोवर ‘पहिली माझी ओवी’ दिसते. फॉन्ट गेला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि माणसाला वाटतं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते, तिची किल्ली हरवलेली असते. ती किल्ली म्हणजे फॉन्टची फाइल, आणि ती सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरातल्या फॉन्ट्स या फोल्डरमध्ये असते. एखादी ओवी वर्डमध्ये उघडा, अक्षरांवर क्लिक करून फॉन्टचं नाव वाचा, कागदावर लिहून घ्या, आणि त्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ठळक आणि तिरपी अक्षरं वेगळ्या फायलींत असू शकतात, तीही घ्या. शिवाय वर्ड २०१० असेल तर प्रत्येक फाइल एकदा पीडीएफ म्हणून जतन करा. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आत बसून येतो, म्हणून ती कुठेही तशीच दिसते. पुढे युनिकोडमध्ये बदलताना ताडून बघायला हीच मूळ प्रत उपयोगी पडेल.

हे करताना डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, ब्राउझरचे बुकमार्क, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बाहेरची डिस्क घरात नसेल तर मुलाची मागून घ्या. शेवटी विंडोज नीट शट डाउन करा. थेट बटण दाबून बंद केलं तर पुढे लिनक्समधून ती डिस्क उघडताना अडचण येते, किंवा ती फक्त वाचता येते.

आता कॅबिनेट उघडायचं, ज्याला आपल्याकडे सगळे सीपीयू म्हणतात. वायर भिंतीतून काढा, सुरू करायचं बटण दोन-तीनदा दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावा. गच्चीवर किंवा अंगणात न्या, कारण पंधरा वर्षांची धूळ घरात उडवण्याजोगी नसते. मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरेसा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून पापडीसारखी झालेली दिसेल. ती स्पिरिटने पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी पेस्ट लावा. पंख्याचे चार प्लास्टिकचे खुंट समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, आणि चारही ‘टक्’ वाजले पाहिजेत. एक जरी सैल राहिला तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून मंदावतो. हे जमेलसं वाटत नसेल तर पंखा काढूच नका, वरून धूळ काढली तरी चालेल.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची टोपणं सपाट आहेत ना, ते बघा. एखादं फुगलेलं किंवा तपकिरी डाग पाझरलेलं दिसलं तर पुढचा खर्च थांबवा आणि आधी तो बदलून घ्या. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीरही ते काम करतो. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही घरी उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

धुळीची गोष्ट निघाली म्हणून थोडं अवांतर. दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांचे संगणक माझ्याकडे येतात, त्यांच्या रॅमचे आणि जोडण्यांचे संपर्क पुष्कळदा काळवंडलेले असतात. द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी धुरळायची गंधकाची भुकटी घरात शेजारीच ठेवलेली असते, आणि गंधक तांब्या-चांदीला काळं पाडतं. रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरने घासले की ‘बंद पडलेला’ संगणक सुरू होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्याकडे बाग नसली तरी खोडरबर फिरवा, पंधरा वर्षांनंतर ते हवंच. आणि पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्या कोणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसमध्ये गळकी वीज अर्थिंगला वाहून जाईल अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर येऊन बसते. आधी वायरमन बोलवा.

रॅमच्या बाबतीत दुकानदारसुद्धा चुकतात, म्हणून इथे सविस्तर सांगते. जी४१ चे बोर्ड डीडीआर२ आणि डीडीआर३ अशा दोन्ही जातींत निघाले. तुमची कोणती ते रॅमच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असेल. डीडीआर३ असेल तर दोन खाचांत ४-४ जीबी, म्हणजे ८ जीबीपर्यंत जाता येतं. पण हा चिपसेट जास्त घनतेच्या चिप ओळखत नाही. ४ जीबीच्या ज्या पट्टीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिप आहेत तीच चालते. एका बाजूला आठच चिप असलेली नवी ४ जीबीची पट्टी बसवली तर संगणक सुरूच होत नाही, नाहीतर निम्मीच रॅम दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं रॅम खराब, दुकानदार म्हणतो बोर्ड खराब, आणि दोन्ही चांगले असतात. तेव्हा दुकानात पट्टी हातात घेऊन चिप मोजा, आणि चालली नाही तर परत घेण्याच्या बोलीवरच घ्या. अशी जुनी पट्टी काही शे रुपयांत मिळते. ८ जमलं नाही तर २-२ जीबीच्या दोन घालून ४ करा. त्याच्या खाली राहू नका, कारण आजच्या साइट्स रॅम खातात आणि तिथे लिनक्सचं काही चालत नाही.

एसएसडी साधी २.५ इंची साटा प्रकारची, २४० किंवा २५६ जीबीची घ्या. एम.२ लिहिलेली पातळ पट्टी तुमच्या बोर्डावर बसणार नाही. जुन्या डिस्कची साटा केबल आणि वीजजोडच हिला लागतो. तुमचा बोर्ड साटाच्या दुसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर छापलेला वेग मिळणार नाही, त्याच्या निम्मा मिळेल. तो फरक तुम्हाला जाणवणारही नाही, कारण सुख मिळतं ते बारीक फायली झटपट वाचण्यातून.

आता लिनक्स. ‘फुकट म्हणजे चोरीचं का?’ असं मला अजूनही विचारतात, म्हणून दोन ओळी. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, सॉफ्टवेअर वापरण्याचं, तपासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना असावं यासाठी. १९९१ मध्ये हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. दोन्ही मिळून जे उभं राहिलं ते कोणीही कायदेशीरपणे उतरवून घ्यावं, दहा जणांना द्यावं. आपल्याकडच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही त्यावरच ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. मी तुमच्यासाठी सुचवेन ती लिनक्स मिंट, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. पडद्याची मांडणी विंडोज ७ वापरलेल्या माणसाला ओळखीची वाटते: डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. सुरू झाल्यावर ती एक जीबीच्या आसपास रॅम घेते. २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. मिंटची दालचिनी नावाची, म्हणजे सिनॅमन, आवृत्ती जास्त देखणी आहे, पण तुमच्या बोर्डावरच्या जुन्या ग्राफिक्सला तो भार नको.

तुमचा प्रोसेसर चौसष्ट-बिट आहे म्हणून हे शक्य आहे. ज्यांच्याकडे बत्तीस-बिटवाला जुना पेंटियम ४ आहे त्यांना मी आता प्रामाणिकपणे नको म्हणते. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून बत्तीस-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, आणि फायरफॉक्सनेही त्याच वर्षअखेरीस बत्तीस-बिट लिनक्स सोडलं. अशी यंत्रं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावीत, डिस्क काढून घेऊन.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत, सुमारे तीन जीबीची आहे. मुलाच्या लॅपटॉपवर मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा, आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा ओव्यांचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा. रूफसमध्ये पार्टिशन प्रकार एमबीआर निवडा, कारण तुमच्या बोर्डाला बायॉस ही संगणक सुरू करण्याची जुनी पद्धतच कळते. मग संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची: गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, आसुसवर एफ८, एमएसआयवर एफ११, इंटेलच्या स्वतःच्या बोर्डावर एफ१०. त्या मेनूत यूएसबी दिसलं नाही तर बायॉसमध्ये जाऊन ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ उघडा. जुने बोर्ड पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजतात आणि त्याचं नाव त्या यादीत लपलेलं असतं. लोक इथेच अडतात आणि पेनड्राइव्ह नीट चढला नाही असं समजून चार-चार वेळा पुन्हा चढवत बसतात.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की काहीही न टाकता ते वापरून बघता येतं. पहिल्यांदा जुनी डिस्क जोडलेली असतानाच असं सुरू करा आणि मेनूतलं ‘डिस्क्स’ उघडा. तिथे स्मार्ट नावाची तपासणी आहे. त्यात रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि बिघडू लागलेल्या जागांचे, आकडे बघा. शून्य असतील तर छान. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, आणि ओव्यांची दुसरी प्रत त्याच क्षणी करायला हवी. त्याच बैठकीत आवाज येतो का, माउस चालतो का, इंटरनेट लागतं का, तेही बघून घ्या. वायफायची यूएसबी काडी ओळखली गेली नाही तर मोबाइल डेटा केबलने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. ते लगेच चालतं, आणि पुढचा ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो.

आता बंद करून जुनी डिस्क काढा, एसएसडी जोडा, पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करा. पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’वर दोनदा क्लिक. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालतील. डिस्क पुसून टाकायची का असं विचारेल, तेव्हा निर्धास्त हो म्हणा. यंत्रात एकच डिस्क आहे आणि ती रिकामी आहे. पुढे नाव, पासवर्ड, कोलकाता वेळ. अर्ध्या तासाच्या आसपास काम संपतं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर उघडून सगळ्या दुरुस्त्या घ्या, आणि टाइमशिफ्ट सुरू करा. ते यंत्रणेच्या प्रती ठेवतं, काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. तुमच्या कागदपत्रांची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती वेगळी बाहेरच्या डिस्कवर घ्यायची.

मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतातल्या मांडण्यांखाली मराठी आहे, तेवढं जोडलं की झालं. ‘namaste’ पद्धतीने रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर इनपुट मेथडमध्ये आयबस आणि एम१७एन घ्या, त्यात मराठीसाठी गमभनसकट अनेक पद्धती आहेत. लिब्रेऑफिसमध्ये एक गोष्ट सगळ्यांना छळते: फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं बदलत नाहीत. लिब्रेऑफिस देवनागरीला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या वेगळ्या गटात धरतं आणि तिचा फॉन्ट वेगळा ठेवतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे जाऊन त्या गटात मराठी निवडा, मग फॉन्टच्या खिडकीत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना मिळतो.

प्रिंटरचा मॉडेल क्रमांक तुम्ही लिहिला नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून एक प्लगइन उतरवावं लागतं, कारण तो प्रिंटर दर वेळी सुरू झाल्यावर संगणकाकडून स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्रॅम, मागतो. कॅनन एलबीपी २९०० ची कॅप्ट नावाची वेगळी भाषा आहे आणि ती लिनक्सवर बसवायला जाणता माणूस लागतो. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी विंडोज सोडण्यापूर्वी ते लिनक्सवर चालतं का हे स्वतः तपासावं. तुम्हाला त्यांची गरज नाही.

नातीसाठी एवढंच: यूट्यूब ७२० पीवर ठेवा. तुमच्या ग्राफिक्सला आजचे व्हिडिओ उलगडायची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एनहान्स्ड-एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन घातलं तर यूट्यूब हलक्या प्रकारातला व्हिडिओ पाठवतं आणि पंख्याचा आवाज कमी होतो. विजेचंही सांगते. कॅबिनेट आणि मॉनिटर मिळून शंभरेक वॅट धरले आणि रोज चार तास वापर झाला, तर महिन्याला बाराएक युनिट. दिवसभर चालू ठेवायचा असता तर मी तुम्हाला कमी वीज खाणारा छोटा नवा संगणक घ्या म्हटलं असतं.

आता ओव्या. पेनड्राइव्हवरची फॉन्टची फाइल नव्या यंत्रात दोनदा क्लिक करून बसवा, म्हणजे जुन्या फायली लिब्रेऑफिसमध्ये वाचता येतील. तुम्ही फॉन्ट विकत घेतलेला आहे, तुमच्याच यंत्रावर वापरता आहात. मग त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन घेऊन एकेक फाइल बदला. घाई करू नका, एका बैठकीत दहा-वीस ओव्या. ही साधनं ठरावीक जागी चुकतात: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी मागे-पुढे सरकते, ‘तुझ्या’ आणि ‘दऱ्या’मधली जोडाक्षरं फुटतात, अर्धा श आणि ष यांची अदलाबदल होते. आणि ओव्यांत बोलीतले शब्द आहेत. ‘बाई’चं ‘बया’, ‘नाही’चं ‘न्हाई’ असं जे त्या बायकांच्या तोंडून आलं ते शुद्धलेखन तपासनीस लाल रेघ मारून बदलायला सांगेल. तो बंद ठेवा. पीडीएफची जुनी प्रत शेजारी उघडा, नातीला एक ओळ मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्ही नव्या फाइलवर बोट ठेवून ऐका. कुठे अडलं, तर फॉन्टचं नाव आणि अडलेली ओळ मला लिहून पाठवा.